जेईएसडी२०४बीची लिंक पहिल्यांदा उभी करताना

रबाळे एमआयडीसीत आमची मोजमापाची उपकरणं बनवणारी छोटी कार्यशाळा आहे. दर पावसाळ्याच्या तोंडावर एक-दोन नवी मुलं-मुली रुजू होतात. कुणी कळव्याहून, कुणी ऐरोलीहून, कुणी ट्रान्स-हार्बर लोकलने थेट ठाण्याहून येतं. एफपीजीएवर (आतलं सर्किट आपण लिहून ठरवतो अशी चिप) काउंटर, यूआर्ट, एसपीआय हे सगळं त्यांनी कॉलेजात केलेलं असतं. मग टेबलावर एका गिगासॅम्पलचा एडीसी (सिग्नलचे सेकंदाला एक अब्ज नमुने घेऊन आकडे करणारी चिप) येतो आणि पहिला आठवडा ‘मॅडम, लिंक येत नाही’ म्हणण्यात जातो. ही लिंक म्हणजे एडीसीचा डेटा एफपीजीएपर्यंत नेणारी जलद सिरियल जोडणी, जेईएसडी२०४बी. त्या आठवड्यासाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. लिंक एकदा आणणं फार अवघड नाही. पॉवर कितीही वेळा बंद-चालू केली तरी ती तशीच, तेवढ्याच उशिराने येते हे पाहणं, हे खरं काम. खालच्या बहुतेक पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी थोडी ओळख

जेईएसडी२०४ हे जेडेक या संस्थेचं मानक. २००६ च्या पहिल्या आवृत्तीत एकच लेन (डेटाच्या तारांची जोडी) होती आणि वेग सेकंदाला ३.१२५ गिगाबिटपर्यंत. २००८ च्या ‘ए’ मध्ये अनेक लेन आल्या. २०११ च्या ‘बी’ने वेग १२.५ गिगाबिटपर्यंत नेला आणि डेटा किती उशिराने पोचेल हे पक्कं ठरवण्याची सोय दिली. आज बाजारातल्या बऱ्याच एडीसींवर हीच ‘बी’ आवृत्ती भेटते, म्हणून नवख्याने हिच्यापासून सुरुवात करावी.

सिरियल कशासाठी, असा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतं. दोन चॅनेलचे १४-१४ बिट समांतर आणायचे तर नुसत्या डेटाच्या २८ जोड्या बोर्डावरून ओढाव्या लागतील आणि एका नॅनोसेकंदाच्या आत त्या सगळ्या एकदम पोचाव्या लागतील. सिरियलमध्ये तेच काम चार जोड्या करतात. क्लॉकची वेगळी तारही डेटासोबत लागत नाही, कारण आयबीएमच्या विडमर आणि फ्रानाशेक यांनी १९८३ मध्ये मांडलेलं ८बी/१०बी कोडिंग इथे वापरतात. आठ बिटांचे दहा करून पाठवायचे, म्हणजे शून्य-एकाची अदलाबदल पुरेशी होत राहते आणि पलीकडचा ट्रान्सीव्हर (एफपीजीएतला जलद सिरियल डेटा घेणारा-पाठवणारा भाग) त्यातूनच क्लॉक शोधून काढतो. हिशोबात १० भागिले ८ का येतं, ते इथून.

पहिली पायरी कागदावर

विवाडो (एफपीजीएच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडायच्या आधी वही उघडा. मी हे आग्रहाने सांगते, कारण आमच्याकडे अडकलेल्या लिंकपैकी निम्म्या तरी कागदावरच चुकलेल्या निघाल्या आहेत.

उदाहरणाला अ‍ॅनालॉग डिव्हाइसेसचा एडी९६८० घेऊ: दोन चॅनेल, १४ बिट, सेकंदाला १ गिगासॅम्पल, चार लेन. एफपीजीए किन्टेक्स-७, स्पीड ग्रेड -२. आता अक्षरं भरायची. ‘एल’ म्हणजे लेन, ४. ‘एम’ म्हणजे कन्व्हर्टर, २. ‘एन’ म्हणजे खरे बिट, १४. ‘एन-प्राइम’ म्हणजे एका सॅम्पलसाठी लिंकवर राखलेली जागा. ती चारच्या पटीत असते, इथे १६. ‘एस’ म्हणजे एका फ्रेममध्ये प्रत्येक कन्व्हर्टरचे किती सॅम्पल, १. एका फ्रेममध्ये प्रत्येक लेनवर किती ऑक्टेट (आठ बिटांचे गट) जातील ते ‘एफ’:

एफ = (एम × एस × एन-प्राइम) ÷ (८ × एल) = (२ × १ × १६) ÷ (८ × ४) = १

लेनचा वेग:

(एम × एन-प्राइम × १०/८ × सॅम्पलिंगचा वेग) ÷ एल = (२ × १६ × १.२५ × १ गिगा) ÷ ४ = सेकंदाला १० गिगाबिट

एफ एक आला याचा अर्थ नीट लक्षात घ्या. सॅम्पल १६ बिटांचं, पण एका फ्रेममध्ये एका लेनवर आठच बिट जातात. म्हणजे एक सॅम्पल दोन लेनवर फोडलं जातं: वरचा ऑक्टेट एका लेनवर, खालचा शेजारच्या लेनवर. यालाच हाय डेन्सिटी म्हणतात आणि ‘एचडी’ हा बिट १ ठेवावा लागतो. पुढे लेनची अदलाबदल झाली तर सॅम्पलची वरची आणि खालची बाजू उलटी होईल, हे आत्ताच वहीत लिहून ठेवा.

राहिला ‘के’, म्हणजे एका मल्टिफ्रेममध्ये किती फ्रेम. मल्टिफ्रेम किमान १७ ऑक्टेटची हवी आणि के ३२ च्या वर जात नाही. एफ एक असल्यामुळे के १७ ते ३२ मध्ये कुठेही चालेल असं कागदावर दिसतं; पण एफपीजीएतला कोअर (लिंक सांभाळणारा तयार लॉजिकचा भाग) दर क्लॉकला प्रत्येक लेनचे चार ऑक्टेट हाताळतो, म्हणून चारच्या पटीतलाच आकडा घ्या. आम्ही ३२ घेतो. मग मल्टिफ्रेम ३२ नॅनोसेकंदांची आणि तिची वारंवारता ३१.२५ मेगाहर्ट्झ.

कोअरचा क्लॉक लेनच्या वेगाच्या चाळिसाव्या भागाएवढा, म्हणजे २५० मेगाहर्ट्झ. त्यामुळे प्रत्येक क्लॉकला प्रत्येक चॅनेलचे चार सॅम्पल एकदम हातात येतात. कॉलेजात एका क्लॉकला एक सॅम्पल घेणारा फिल्टर लिहिलेला असतो, तो इथे तसाच बसत नाही. फिल्टर समांतर लिहावा लागतो. आराखडा काढतानाच त्याची जागा धरा.

ट्रान्सीव्हरला तो वेग जमतो का?

किन्टेक्स-७ मधल्या जीटीएक्स ट्रान्सीव्हरला दोन प्रकारचे पीएलएल (रेफरन्स क्लॉकवरून वेगवान क्लॉक बनवणारी सर्किटं) असतात. चॅनेलचा स्वतःचा सीपीएलएल ६.६ गिगाबिटपर्यंत पुरतो. त्याच्या वर चार चॅनेलचा सामायिक क्यूपीएलएल लागतो, आणि त्याचे दोन पट्टे आहेत: ५.९३ ते ८ आणि ९.८ ते १२.५ गिगाहर्ट्झ. मध्ये सरळ भोक आहे. स्पीड ग्रेड -२ ला वरची मर्यादा १०.३१२५ गिगाबिट. आपला १० चा आकडा त्यात बसतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका नव्या मुलाने उष्णता कमी व्हावी म्हणून सॅम्पलिंग ९०० मेगावर आणलं. विचार चांगला होता. पण लेनचा वेग झाला ९ गिगाबिट, बरोबर त्या भोकात. पीएलएल लॉक होईना आणि तो दोन दिवस एडीसीचे रजिस्टर तपासत बसला. सॅम्पलिंगचा वेग बदलला की हा हिशोब पुन्हा पहिल्यापासून करायचा. दुसऱ्या घराण्याच्या चिपमध्ये पट्टे वेगळे असतात. तिच्या डेटाशीटमधलं स्विचिंगचं पान छापून टेबलाशी चिकटवा.

क्लॉक

इथे वेळ द्या. चांगल्या कार्डावर एकच क्लॉक चिप असते, एचएमसी७०४४ किंवा एलएमके०४८२८ सारखी, आणि सगळे क्लॉक तिच्यातून निघतात: एडीसीला १ गिगाहर्ट्झ, ट्रान्सीव्हरला रेफरन्स (आम्ही ५०० मेगाहर्ट्झ देतो), एफपीजीएच्या लॉजिकला २५० मेगाहर्ट्झ आणि दोन्हीकडे सिसरेफ. लॉजिकचा क्लॉक ट्रान्सीव्हरने डेटातून शोधलेल्या क्लॉकवरून घेण्याचा मोह होतो, कारण एक पिन वाचते. ठरलेला उशीर हवा असेल तर तो मोह टाळा. क्लॉक चिपकडून स्वतंत्र क्लॉक घ्या.

सिसरेफ ही मल्टिफ्रेमची सुरुवात सगळ्यांना एकाच वेळी सांगणारी खूण. तिची वारंवारता मल्टिफ्रेमच्या वारंवारतेला पूर्णांकाने भागून आलेली हवी. आम्ही ३१.२५ ला चारने भागून ७.८१२५ मेगाहर्ट्झ घेतो. ती सतत चालू ठेवली तर तिची सावली एडीसीच्या स्पेक्ट्रममध्ये नको त्या रेघा म्हणून दिसते, म्हणून काम झालं की बंद करायची. मात्र सिसरेफच्या वाटेत कपॅसिटर असेल तर मोजक्या पल्सवर भरवसा ठेवता येत नाही. पातळी स्थिर होण्याआधीच पल्स निघून गेलेले असतात. बोर्ड स्वतः काढत असाल तर सिसरेफ थेट जोडा, कपॅसिटरशिवाय.

सगळे क्लॉक खरोखर येताहेत का, हे कसं पाहायचं? आमच्याकडचा ऑसिलोस्कोप २०० मेगाहर्ट्झचा आहे, त्यावर १० गिगाबिटची लेन दिसायची नाही. पण एफपीजीएच्या आत प्रत्येक क्लॉकवर एक काउंटर लावा, बोर्डावरच्या साध्या १०० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलशी तुलना करा आणि आकडा वाचा. २५० च्या जागी १२५ दिसला तर अख्खा दिवस वाचतो. हा छोटा मॉड्यूल आमच्या प्रत्येक डिझाइनमध्ये कायमचा असतो. पहिल्या बिटस्ट्रीममध्ये (एफपीजीएत भरायच्या फाइलमध्ये) दुसरं काही नसलं तरी हा हवाच.

चालू करण्याचा क्रम

क्लॉक चिप प्रोग्राम करा आणि ती लॉक होईपर्यंत थांबा. मग एडीसीला एसपीआयवरून कॉन्फिगर करा आणि त्याचा आतला पीएलएल लॉक झाल्याचा बिट वाचा. मग ट्रान्सीव्हरचा क्यूपीएलएल रिसेट, तो लॉक झाला की रिसीव्हरचा रिसेट, ‘रिसेट डन’ आलं की लिंकचा कोअर सोडायचा. सिसरेफ त्यानंतर.

नवखे लोक एका ठिकाणी हमखास फसतात. एफपीजीए फ्लॅशमधून लोड होतो तेव्हा क्लॉक चिप अजून प्रोग्राम झालेलीच नसते. क्यूपीएलएलने क्लॉक नसताना उठायचा प्रयत्न केलेला असतो. क्लॉक आल्यावर त्याला पुन्हा रिसेट दिला नाही तर तो कधी लॉक होतो, कधी होत नाही. ‘सकाळी चालत होतं, जेवून आल्यावर बंद’ अशा तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

कोअर कुठला वापरायचा? एएमडीचा लिंक कोअर परवान्याने मिळतो, मुदतीचा चाचणी परवाना घेऊन सुरुवात करता येते. अ‍ॅनालॉग डिव्हाइसेसने आपला कोअर सोर्ससकट खुला केला आहे, जीपीएल २ किंवा व्यावसायिक परवान्याखाली. शिकण्यासाठी मी दुसरा सुचवेन, कारण आत काय चाललंय ते वाचता येतं.

लिंक येताना काय दिसतं?

सुरुवातीला एफपीजीए सिंकची तार (एडीसीला ‘अजून तयार नाही’ असं सांगणारी) खाली ओढून धरतो. ती खाली आहे तोवर एडीसी प्रत्येक लेनवर के२८.५ हे एकच चिन्ह पाठवत राहतो, हेक्समध्ये बीसी. (या ‘के’चा मल्टिफ्रेमच्या ‘के’शी संबंध नाही.) रिसीव्हरला ते सलग चारदा ओळखता आलं की तो सिंक वर सोडतो. मग चार मल्टिफ्रेमची ओळखपरेड होते, तिला आयलास म्हणतात. प्रत्येक मल्टिफ्रेम १सी ने सुरू होते आणि ७सी ने संपते. दुसऱ्या मल्टिफ्रेममध्ये ९सी नंतर १४ ऑक्टेटमध्ये एडीसी स्वतःचं कॉन्फिगरेशन सांगतो. त्यानंतर खरा डेटा.

आपल्या उदाहरणात ही परेड १२८ नॅनोसेकंदांत, म्हणजे ३२ क्लॉकमध्ये उरकते. म्हणून आयएलएचा (एफपीजीएच्या आतले सिग्नल टिपणाऱ्या अ‍ॅनालायझरचा) ट्रिगर सिंकच्या चढत्या कडेवर लावा आणि ते १४ ऑक्टेट कागदाशी ताडून पाहा. इथे घाबरायचं नाही: बहुतेक आकडे एक वजा करून लिहिलेले असतात. चार लेन म्हणजे ३, दोन कन्व्हर्टर म्हणजे १, एफ एक म्हणजे ०, के बत्तीस म्हणजे ३१. स्क्रॅम्बलिंग (डेटा ठरलेल्या रीतीने विस्कटून पाठवणं) चालू असलं तर त्याचा बिट लेनच्या आकड्याच्याच ऑक्टेटमध्ये सर्वांत वर बसतो, त्यामुळे तिथे हेक्समध्ये ८३ दिसतं. ते बरोबर आहे.

सिंक वरच जात नसेल तर क्लॉक, लेनचा वेग आणि सिंकच्या तारेची जोडी पाहा. सिंकची जोडीच उलटी असेल तर एडीसीला कायम चुकीचा निरोप जातो. सिंक वर जाऊन सारखा खाली येत असेल तर ८बी/१०बीच्या चुका मोजणारे काउंटर वाचा, प्रत्येक लेनचे वेगळे. एकाच लेनवर चुका असतील तर ती लेन, तिचा कपॅसिटर, कनेक्टर. सगळ्यांवर असतील तर रेफरन्स क्लॉक किंवा इक्वलायझर (वाटेत बिघडलेला सिग्नल सावरणारं सर्किट). छोट्या, कमी तोट्याच्या वाटेवर आणि ८बी/१०बी कोडिंगवर आम्ही इक्वलायझरचा एलपीएम हाच मोड ठेवतो. दुसऱ्या मोडला, म्हणजे डीएफईला, शिकायला पुरेसा विस्कळीत डेटा लागतो आणि सुरुवातीच्या एकसारख्या बीसी-बीसीत तो भरकटू शकतो.

लेनची जोडी बोर्डावर उलटी गेली असेल तर काय होईल? मुलांना वाटतं, सिंक येणारच नाही. पण सिंक येतो! के२८.५ ची दोन रूपं असतात आणि ती एकमेकांची बरोबर उलटी असतात. बिट उलटे केले की एक रूप दुसरं होतं, रिसीव्हर खूश राहतो. १सी, ७सी, ९सी यांचंही तसंच. चूक कळते ती मधल्या साध्या डेटात, म्हणजे त्या १४ ऑक्टेटमध्ये आणि त्यांच्या चेकसममध्ये. म्हणून नुसता सिंक वर गेला म्हणजे झालं असं समजू नका. ट्रान्सीव्हरमध्ये त्या लेनची पोलॅरिटी उलटी करण्याचा बिट असतो, बोर्ड बदलावा लागत नाही.

डेटा खरा आहे का?

एडीसीला रॅम्पचा टेस्ट पॅटर्न द्या आणि एफपीजीएत प्रत्येक सॅम्पल आधीच्यापेक्षा एकने मोठं आहे का, हे तपासणारा चेकर लिहा. डोळ्याने आलेख पाहणं पुरेसं नाही; चेकर रात्रभर चालू द्या. १४ बिट १६ च्या जागेत वरच्या बाजूला चिकटलेले असतात, खालचे दोन कंट्रोल बिट किंवा भराव. रॅम्प चारच्या पायऱ्यांनी चढताना दिसला तर खालचे दोन बिट काढायचे राहिलेत.

आयलास अगदी बरोबर आणि पुढचा डेटा मात्र नुसता खळखळाट, असं झालं तर पहिला संशय स्क्रॅम्बलिंगवर घ्या. आयलास स्क्रॅम्बल होत नाही. एका बाजूने चालू आणि दुसऱ्या बाजूने बंद असलं तरी ओळखपरेड निर्वेध पार पडते.

ठरलेला उशीर

आता मुख्य गोष्ट. चार लेनचा डेटा थोडा पुढेमागे पोचतो, म्हणून रिसीव्हर प्रत्येक लेनला एक बफर ठेवतो. सगळ्या लेन आल्या की एकदम सोडायचं, हे स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षासारखं आहे: शेवटचं सीट भरलं की निघाली. रोज निघायची वेळ वेगळी. मानकातला सबक्लास शून्य हा प्रकार असा चालतो. सबक्लास एक म्हणजे कंपनीची बस. तुम्ही आठ वाजता या नाहीतर आठ पस्तीसला, ती आठ चाळीसलाच सुटणार. सिसरेफ सगळ्यांची घड्याळं एकत्र लावते आणि बफर उघडण्याची वेळ मल्टिफ्रेममधल्या ठरलेल्या क्लॉकला बांधलेली असते.

पण तुम्ही रोज आठ चाळीसच्या ठोक्यालाच धावत पोचत असाल तर? कधी बस मिळेल, कधी पुढची. आमच्या बाबतीत हेच झालं. दोन कार्डांवर एकाच सिग्नलची तुलना करणारं उपकरण होतं. बहुतेक वेळा ठीक, पण पंधरा-वीस वेळा पॉवर दिली की एखाद वेळी दोन कार्डांत फरक पडायचा. आम्ही केबल बदलल्या, फिल्टरचा कोड तपासला, तीन आठवडे गेले. शेवटी एकीने फरक नुसता ‘खूप’ न म्हणता मोजला: बरोबर ३२ सॅम्पल. ३२ सॅम्पल म्हणजे एक अख्खी मल्टिफ्रेम. एका कार्डाची सर्वांत उशिराची लेन बफर उघडण्याच्या अगदी कडेवर पोचत होती आणि क्वचित तिची बस चुकत होती.

उपाय सोपा निघाला. आपल्या मल्टिफ्रेममध्ये आठ क्लॉक आहेत. प्रत्येक लेन कितव्या क्लॉकला पोचते हे कोअर सांगतो. वीस-तीसदा पॉवर देऊन ते आकडे वहीत उतरवा. समजा, लेन पाच ते सातमध्ये येतात आणि बफर आठव्याला उघडतोय, तर ती वेळ दोन-तीन क्लॉक पुढे सरकवा. उशीर आठ ते बारा नॅनोसेकंदांनी वाढतो, पण पक्का होतो. दोन्ही कार्डांवर एकच आकडा ठेवा.

हीच काळजी सिसरेफची. १ गिगाहर्ट्झच्या क्लॉकला एक नॅनोसेकंदाची जागा मिळते आणि सिसरेफ तिच्या कडेवर पडला तर एडीसी कधी या क्लॉकला धरेल, कधी पुढच्या. एडी९६८० मध्ये सिसरेफ कडेच्या किती जवळ आहे हे सांगणारा मॉनिटर आहे. तो वाचून क्लॉक चिपमधला सिसरेफचा उशीर सरकवा. एफपीजीएच्या बाजूला सिसरेफ पिनजवळच्या फ्लिप-फ्लॉपमध्येच पकडा आणि त्याला टायमिंगचं बंधन लिहा. बंधन न लिहिलेला सिसरेफ प्रत्येक नव्या बिल्डमध्ये वेगळा वागतो.

डीएसीच्या (आकड्यांवरून सिग्नल बनवणाऱ्या चिपच्या) बाजूला हेच सगळं उलट दिशेने आहे: एफपीजीए पाठवतो, डीएसी सिंक ओढतो. २०१७ च्या ‘सी’ आवृत्तीत ६४बी/६६बी कोडिंग आलं, वेग ३२ गिगाबिटपर्यंत गेला आणि त्या कोडिंगमध्ये सिंकची तारच राहिली नाही. पण सिसरेफ आणि बफरची गोष्ट तिथेही तीच.

आमच्याकडे कार्ड पास करण्याआधी पन्नास वेळा पॉवर बंद-चालू करतात: पंचवीस वेळा सकाळी एसीच्या गारव्यात, पंचवीस वेळा दुपारी एसी बंद करून, कारण तापमानाने लेनच्या पोचण्याची वेळ किंचित सरकते. दर वेळी चार लेनचे आकडे, चुकांचे काउंटर आणि दोन चॅनेलमधला फरक वहीत. पन्नास ओळींत एकही आकडा वेगळा निघाला तर कार्ड परत टेबलावर येतं.